सात लहरी, तीन वाचक: एका ईईजीवरून झालेल्या मतभेदाचं प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि काही तपशील बदलले आहेत. लेखनाला त्यांची संमती आहे.

पार्श्वभूमी

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा गोळ्या सुरू होऊन पाच महिने झाले होते. वय ४६, हिशेबाचं काम, रोज स्वतः गाडी चालवत कामावर जाणाऱ्या. फाईल टेबलावर ठेवत म्हणाल्या, "डॉक्टर, मला फिट येतात की नाही, एवढंच सांगा. या गोळ्यांनी मी माझी राहिले नाही."

दोन घटना घडल्या होत्या. पहिली रक्त तपासणीच्या खुर्चीत. त्या उपाशी होत्या. सुई टोचल्यावर घाम फुटला, आवाज लांबून आल्यासारखे वाटू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मान कलंडली. पडू नयेत म्हणून दोघांनी त्यांना खुर्चीतच ताठ धरून ठेवलं. त्यानंतर हातांना झटके आले. दुसरी घटना चार महिन्यांनंतरची. नुकत्याच तापातून उठल्या होत्या. पहाटे बाथरूममध्ये उभ्या असताना कोसळल्या. आवाज ऐकून भाऊ धावला. त्याने पाहिलं तेव्हा डोळे उघडे होते, हात दोनतीनदा उडाले, कपडे ओले झाले होते.

ईईजीच्या (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीच्या) मागणीपत्रावर लिहिलं होतं: "दोनदा फिट." बस, तेवढंच. आमच्याच विभागात अर्ध्या तासाचा ईईजी झाला आणि माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो वाचला. निष्कर्ष असा: डाव्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागात सात एपिलेप्टिफॉर्म (फिटकडे कल दाखवणाऱ्या) लहरी, त्या भागातून सुरू होणाऱ्या अपस्माराशी (पुन्हा पुन्हा फिट येण्याच्या आजाराशी) सुसंगत. एमआरआय नॉर्मल होता. लेव्हेटिरासेटाम हे फिटचं औषध ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं आणि गाडी बंद झाली. पुढच्या काही आठवड्यांत चिडचिड, रडू येणं, झोप उडणं सुरू झालं. या औषधाचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे.

फाईलमध्ये ईसीजी नव्हता. शुद्ध हरपलेल्या माणसाचा ईसीजी सगळ्यात आधी हवा, आणि इथे मेंदूच्या दोन तपासण्या होऊन गेल्या तरी हृदयाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

अडचण

फाईलमध्ये ईईजीची छापलेली तीन पानं होती आणि प्रत्येकावर एकेका लहरीभोवती पेनाने गोल केलेला होता. मी पाहिलं आणि मला त्या विकेट लहरी वाटल्या. प्रौढांमध्ये, बहुधा तिशीनंतर, डुलकी लागत असताना टेम्पोरल भागात सेकंदाला ६ ते ११ या गतीने कमानीसारख्या टोकदार लहरींची माळ दिसते. १९७७ साली तिचं वर्णन झालं आणि विकेट हे नाव तेव्हापासूनचं. ती निरुपद्रवी असते. पण माळेतली एखादी लहर सुटी आली की ती खऱ्या स्पाइकसारखी, म्हणजे अपस्मारातल्या टोकदार लहरीसारखी दिसते आणि अपस्माराचं चुकीचं निदान होण्याच्या वाटेवर ती वारंवार भेटते.

मी आमच्या एका तरुण सहकारी डॉक्टरांना तीच पानं दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एक तरी मला खरी वाटते. पण कागदावरून नाही सांगता येणार."

म्हणजे एकाच ईईजीबद्दल तीन वाचकांची तीन उत्तरं झाली: आहे, नाही, कदाचित. तिघांचंही प्रशिक्षण सारखं, तिघांनी हजारो ईईजी वाचलेले.

असा मतभेद अपवाद नसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तज्ज्ञांना १३ हजारांहून अधिक संशयित लहरी एकेक करून दाखवल्या होत्या. एकेका लहरीबाबत त्यांच्या एकमताचा कप्पा सुमारे ०.४९ आला आणि संपूर्ण ईईजीबाबत सुमारे ०.६९. कप्पा हे १९६० पासून वापरात असलेलं माप आहे. केवळ योगायोगाने जेवढं एकमत झालं असतं ते वजा करून उरलेलं एकमत ते मोजतं. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे योगायोगाइतकंच. ०.४९ ला रूढ भाषेत मध्यम म्हणतात. एकाच लहरीवर बोट ठेवून "ही खरी का?" असं दोन जाणकारांना विचारलं, तर त्यांची उत्तरं नेहमी जुळतील असं धरून चालता येत नाही, असा त्याचा अर्थ. संपूर्ण ईईजीवर एकमत जास्त होतं, कारण पुरेशा ठळक लहरी असल्या की एखाद्या लहरीवरच्या वादाने निष्कर्ष हलत नाही. आमच्याकडे ठळक अशी एकही नव्हती. सातही सीमेवरच्या होत्या.

आणि त्या सातांवर बरंच काही टांगलेलं होतं. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, तात्कालिक कारण नसलेल्या दोन फिट २४ तासांहून जास्त अंतराने आल्या तर तो अपस्मार. किंवा एकच फिट आली, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा अधिक असली तरी अपस्मार. दोन्ही वाटांवर एक पूर्वअट आहे, ती म्हणजे घडलेली घटना फिटच असली पाहिजे. इथे ती पायरी ओलांडताना कुणी थांबलंच नव्हतं. मागणीपत्रावरच्या "फिट" या शब्दाने ईईजीकडे पाहण्याची नजर ठरवली, आणि ईईजीच्या रिपोर्टने उलट त्या शब्दावर शिक्का मारला.

कोणते पर्याय होते

पहिला, औषध लगेच थांबवायचं. त्यांची तीच इच्छा होती. पण माझा अंदाज चुकला आणि पुढची फिट गाडी चालवताना आली तर? शिवाय पाच महिने घेतलेलं औषध एकदम तोडणं तसंही धोक्याचं.

दुसरा, दोन वर्षं औषध चालू ठेवायचं, "सुरक्षित बाजूने". हा शब्दप्रयोग मी स्वतः अनेकदा केला आहे आणि आता तो मला खटकतो. रोजची चिडचिड, गमावलेली मोकळीक आणि आयुष्यभर कागदावर राहणारं निदान, यांत सुरक्षित काय आहे? आणि भोवळीचं कारण हृदयात असेल तर फिटच्या गोळ्यांनी आपण ते झाकून ठेवत राहतो.

तिसरा, मतदान. तिघांपैकी दोघं जे म्हणतील ते. दिसायला हा न्याय्य वाटतो, पण दोन विरुद्ध एक या निकालातून लहरीविषयी फारसं कळत नाही. कोणते तीन वाचक त्या दिवशी हजर होते एवढंच कळतं. चौथा वाचक आला की निकाल उलटू शकतो.

चौथा, ईईजी पुन्हा काढायचा, या वेळी झोपेसह. हे हवंच होतं, पण मर्यादा ठाऊक ठेवून. पहिल्या साध्या ईईजीत अपस्मार असलेल्या अनेकांच्याही लहरी सापडत नाहीत, म्हणून नॉर्मल ईईजीने अपस्मार खोडता येत नाही. त्यात औषध चालू असताना काढलेल्या ईईजीत लहरी दबलेल्या असू शकतात. आठवडाभर भरती करून व्हिडिओ ईईजी करावा, तर वर्षात दोनदा घडलेली घटना त्या आठवड्यात घडणं जवळपास अशक्य.

पाचवा, ईईजी जरा बाजूला ठेवून घटनांकडे परत जायचं.

शेवटी तिसरा सोडून बाकीच्यांतलं थोडंथोडं केलं. क्रम महत्त्वाचा ठरला: आधी घटना, मग हृदय, मग ईईजी. निकाल लागेपर्यंत औषध तेवढंच आणि गाडी बंदच. हे ऐकून त्यांना वाईट वाटलं, आणि मलाही सांगताना बरं वाटलं नाही.

काय केलं

रक्त घेणाऱ्या कर्मचाऱ्याशी आणि भावाशी मी वेगवेगळं बोललो. "फिट आली होती का?" असं विचारलं नाही. "सुरुवातीपासून काय काय दिसलं?" एवढंच विचारलं. कर्मचाऱ्याने सांगितलं की चेहरा आधी पांढराफटक पडला होता. झटके बेताल होते आणि पंधरा सेकंदांच्या आत थांबले. आडवं केल्याबरोबर त्यांनी इकडेतिकडे पाहून "काय झालं?" असं विचारलं. भावाचं वर्णनही तसंच होतं. एका मिनिटात त्या नीट बोलत होत्या. जीभ चावलेली नव्हती.

झटके आणि लघवी होणं ऐकलं की फिटच वाटते. पण साध्या भोवळीतही दोन्ही होतं. १९९४ साली निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणून केलेल्या अभ्यासात पूर्ण शुद्ध हरपलेल्यांपैकी ९० टक्क्यांना झटके आले होते. आणि बेशुद्ध माणसाला उभं किंवा बसतं धरून ठेवलं की मेंदूला रक्त पोचायला आणखी उशीर होतो. पहिल्या घटनेत मदतीला धावलेल्यांनी नकळत तेच केलं होतं.

ईसीजी नॉर्मल आला. झोपून आणि उभं राहून घेतलेल्या रक्तदाबात दखल घेण्यासारखा फरक नव्हता.

आता ईईजी. मी छापील पानं बाजूला ठेवून मूळ डिजिटल फाईल उघडली, आणि शेजारी ज्यांनी तो ईईजी काढला होता त्या तंत्रज्ञ ताईंना बसवलं. त्यांनी रेकॉर्डिंग चालू असताना टाकलेल्या नोंदी दाखवल्या: "झोपाळू", "पापण्या जड", "पुन्हा जागी केली". सातही लहरी "झोपाळू" आणि "पुन्हा जागी केली" यांच्या मधल्या टप्प्यांत होत्या. छापील पानांवर या नोंदी नव्हत्या. आणखी एक गोष्ट पानांवर नव्हती. गोल केलेल्या लहरीनंतर दोन पडदे पुढे गेलं की अगदी त्याच आकाराच्या लहरींची माळ होती. सुटी लहर माळेतून आलेली आहे की नाही, हे माळ पाहिल्याशिवाय कसं कळणार?

इथे मी लगेच निष्कर्ष लिहून मोकळा होऊ शकलो असतो. पण मी आधीच एका बाजूला झुकलेला होतो. म्हणून तिघांनी नव्याने, एकमेकांना न सांगता वाचायचं ठरवलं. तंत्रज्ञ ताईंनी हा ईईजी साधारण त्याच वयाच्या दुसऱ्या दहा ईईजींमध्ये मिसळला, नाव आणि माहिती काढून टाकली, आणि प्रत्येक ईईजीतल्या संशयित लहरींवर खूण करून आम्हाला फक्त हो किंवा नाही विचारलं. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी याला लगेच होकार दिला. स्वतःचा रिपोर्ट अशा तपासणीला खुला करायला मोठं मन लागतं.

निकाल आले. त्या सात लहरींपैकी सरांनी, म्हणजे ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, पाच एपिलेप्टिफॉर्म म्हटल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच सातही म्हटल्या होत्या. तरुण सहकाऱ्यांनी दोन म्हटल्या, मी एकही नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पुढच्या निरीक्षणाने. तरुण सहकाऱ्यांनी निवडलेल्या दोन्ही लहरी सरांच्या पाचांत होत्या. त्यांनी हो आणि सरांनी नाही म्हटलेली एकही लहर नव्हती. मग मी मनातल्या मनात सातांना "जास्त संशयास्पद ते कमी संशयास्पद" असं लावून पाहिलं, तर माझ्या क्रमातही त्याच दोन सर्वांत वर होत्या. तिघांना सारखंच दिसत होतं. फरक होता तो कुठल्या लहरीपासून हो म्हणायचं यात, म्हणजे ज्याच्या त्याच्या उंबरठ्यात.

कप्पाचीही एक गंमत इथे दिसली आणि आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी ती पाहून ठेवावी. माझं आणि तरुण सहकाऱ्यांचं सातांपैकी पाच लहरींवर एकमत होतं. तरी आमचा कप्पा काढला तर शून्य येतो. मी सगळ्यांनाच नाही म्हटलं होतं, त्यामुळे योगायोगाने होणारं एकमतही सातात पाचच निघतं आणि वजाबाकीत काही उरत नाही. सात लहरींवर कप्पा काढण्यात अर्थ नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

मग बाकीचे दहा ईईजी उघडले. त्यांपैकी एका रुग्णाचा टेम्पोरल अपस्मार व्हिडिओ ईईजीवर आधीच सिद्ध झालेला होता. सरांनी आणि तरुण सहकाऱ्यांनी त्याच्या लहरी ओळखल्या होत्या. मी त्यांना विकेट म्हटलं होतं. त्या क्षणापर्यंत मी स्वतःला सावध वाचक समजत होतो. माझा उंबरठा फार उंच होता, आणि त्या रुग्णाच्या बाबतीत मी त्याचा अपस्मार नाकारला असता.

त्यानंतर आम्ही तिघं एका पडद्यासमोर बसलो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय शब्दावलीतले सहा निकष घेतले: टोकदार आकार, आजूबाजूच्या लहरींपेक्षा वेगळा कालावधी, चढ आणि उताराची असमानता, पाठोपाठ येणारी संथ लहर, भोवतालच्या लयीत पडणारा खंड, आणि मेंदूतल्या उगमाशी जुळणारा डोक्यावरचा विद्युत विस्तार. यांपैकी किमान चार हवेत.

सातांतल्या सर्वांत संशयास्पद लहरीवरच सगळी चर्चा झाली. टोक होतं, विस्तार पटण्यासारखा होता. कालावधी माळेतल्या लहरींइतकाच. लयीत खंड नाही. असमानतेवर एकमत होईना. अडलं ते संथ लहरीवर. सर म्हणाले, "ही बघा ना, स्पष्ट आहे मागे." खरंच होती. मग मोंटाज (प्रत्येक इलेक्ट्रोडची तुलना कशाशी करायची ती मांडणी) बदलला. सगळ्या इलेक्ट्रोडच्या सरासरीशी तुलना करून पाहिलं, तर तीच संथ लहर डावीकडे एफ७ या इलेक्ट्रोडवर एका दिशेने आणि त्याच क्षणी उजवीकडे एफ८ वर उलट दिशेने जात होती. डुलकी लागताना डोळे सावकाश डावीउजवीकडे सरकतात, त्याची ती सावली होती. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझ्या रिपोर्टला पुरवणी जोडूया." सहापैकी दोन निकष पक्के, तिसरा वादात.

माझ्या हातून सुटलेल्या त्या दुसऱ्या रुग्णाच्या लहरीही याच कसोटीवर लावल्या. सहापैकी पाच निकष भरले.

निष्पत्ती

झोपेसह काढलेल्या ईईजीत दोन्ही बाजूंना विकेटच्या माळा दिसल्या. गाढ झोपेत त्या नाहीशा झाल्या आणि स्पाइक एकही आला नाही. त्यानंतर झोपायचा पट तिरका उभा करून भोवळ येते का ते पाहणारी टिल्ट चाचणी केली, ईईजी आणि ईसीजी लावून. पट ७० अंशांपर्यंत उभा केल्यावर विसाव्या मिनिटाच्या सुमारास रक्तदाब घसरला, नाडी मंदावली, त्या पांढऱ्या पडल्या आणि शुद्ध हरपली. हातांना तेच झटके आले. ईईजीत आधी संथ लहरी, मग काही सेकंद जवळपास सपाट रेघ, आडवं केल्यावर पुन्हा संथ लहरी आणि मग नेहमीची लय. मेंदूला रक्त कमी पडल्याचं हे ठरावीक चित्र आहे. भावाने व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "हेच. बाथरूममध्ये अगदी हेच."

औषध दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद केलं. चिडचिड पहिल्याच टप्प्यात उतरू लागली. गाडीचा निर्णय लागू असलेल्या नियमांनुसार नंतर झाला. दीड वर्षात त्यांना एकदा भोवळ आल्यासारखं झालं. त्या लगेच आडव्या झाल्या, पाय वर घेतले आणि शुद्ध गेली नाही. एक गोष्ट मात्र पूर्ण पुसता आली नाही. जुना रिपोर्ट ज्या ज्या ठिकाणी पोचला होता, तिथे तिथे पुरवणी स्वतः नेऊन द्यावी लागली, आणि ते काम त्यांनाच करावं लागलं.

पुन्हा तशी वेळ आली तर

मागणीपत्रावर "फिट" असं निदान लिहिण्याऐवजी जे घडलं ते दोन ओळींत लिहायला हवं होतं: सुई, घाम, अंधारी, बसतं धरलं, झटके, लगेच शुद्ध. या ओळी वाचल्या असत्या तर सरांनीही कदाचित निराळं लिहिलं असतं. इथे एक पेच आहे. वाचकाला माहिती द्यावी तर नजर झुकते, न द्यावी तर संदर्भ सुटतो. आम्ही आता आधी माहितीशिवाय लहरी वाचतो, नोंदवतो आणि मग माहिती उघडून निष्कर्ष लिहितो. दोन्ही टप्पे रिपोर्टमध्ये वेगळे दिसतात.

दुसरं मत देताना मी पहिला रिपोर्ट आणि गोल केलेली पानं आधी पाहिली, ही माझी चूक. गोल पाहिल्यावर कुणीच कोऱ्या नजरेने वाचू शकत नाही. मूळ फाईल मागवायला मी तीन आठवडे लावले, तेही टाळता आलं असतं.

आणि रिपोर्टची भाषा. "एपिलेप्टिफॉर्म लहरी आहेत" हे वाक्य पुढच्या डॉक्टरला पर्याय ठेवत नाही. हवाई दलात दाखल होणाऱ्या १३,६५८ निरोगी तरुणांच्या ईईजीचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी फक्त ०.५ टक्क्यांत अशा लहरी सापडल्या. म्हणजे हा शब्द लिहिला की वाचणाऱ्याच्या मनात निदान जवळपास पक्कंच होतं. म्हणून तो लिहिण्याआधी किती निकष भरले आणि वाचकाला किती खात्री आहे, हे शेजारी लिहिलं पाहिजे. पुढे झालेल्या पडताळणीत चारऐवजी पाच निकषांचा आग्रह धरला तर नसलेलं निदान चिकटण्याचा धोका कमी होतो, असंही दिसलं आहे.

महिन्यातून एकदा आम्ही तिघं आता मिसळलेले ईईजी वाचतो. सरांचा उंबरठा थोडा वर सरकला आहे, माझा खाली आला आहे.

औषध बंद झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "मग पहिला रिपोर्ट चुकीचा होता का?" मी त्यांना तिघांनी मिळून लिहिलेली पुरवणी वाचून दाखवली. तिच्यात असं आहे: "सात लहरींपैकी पाच विकेट प्रकारच्या आहेत, यावर चर्चेनंतर तिन्ही वाचकांचं एकमत. उरलेल्या दोन लहरींबाबत एकमत झालं नाही. निकषांनुसार त्यांना एपिलेप्टिफॉर्म म्हणता येत नाही. या ईईजीवरून अपस्माराचं निदान करता येत नाही." त्यांनी मधली दोन वाक्यं दोनदा वाचायला लावली आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.